कुंडीतल्या झाडाचं खतपाणी

जमिनीतल्या झाडाला एका जागी अन्न कमी पडलं तर त्याची मुळं पुढे सरकतात. दोन हात पलीकडे ओल सापडते, कुठे कुजलेला पाचोळा, कुठे कुंपणाच्या कडेला साठलेली जुनी माती. कुंडीतल्या झाडाला ही सोय नसते. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती मावते आणि त्या झाडाच्या मुळांना तेवढीच जागा असते. तिच्यात जे आहे ते आपण घातलेलं, जे नाही ते आपण द्यायचं राहिलेलं. गच्चीवर, गॅलरीच्या ग्रिलमध्ये, सोसायटीच्या आवारात कोवळी झाडं वाढवणाऱ्या मुंबईच्या उपनगरवासीयांसाठी ही पुस्तिका लिहिली आहे आणि तिचा सगळा भर या एका जबाबदारीवर आहे.

शेवंती, झेंडू, मेथी यांना कुंडीत एकच हंगाम काढायचा असतो. तो संपला की माती ओतून कुंडी नव्यानं भरता येते. लिंबू, कढीपत्ता, पेरू, डाळिंब, सोनचाफा, पारिजातक ही मंडळी वर्षानुवर्षं राहायला आलेली असतात. पहिल्या तीन-चार वर्षांत त्यांचं खोड आणि मुख्य फांद्यांचा सांगाडा ठरतो. त्या काळात उपासमार झाली की झाड मरत नाही, खुजं आणि कडक होऊन बसतं आणि पुढे कितीही खत घातलं तरी पूर्वीची उमेद सहसा परत येत नाही. उलट नत्राचा मारा झाला तर फांद्या लांबलचक, लुसलुशीत वाढतात. त्यांच्यावर मावा आणि पिठ्या ढेकूण तुटून पडतात आणि सातव्या मजल्यावरच्या वाऱ्यात त्या मोडतात. कोवळ्या झाडाला खत देणं म्हणजे या दोन टोकांमधला तोल राखणं.

यावर पुस्तकं नाहीत असं नाही. पण ती एकतर शेतासाठी लिहिलेली असतात, नाहीतर थंड देशांसाठी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं १९७२ पासून आंबा, काजू, नारळ यांच्यावर मोलाचं काम केलं आहे. त्यांच्या शिफारशी मात्र जांभ्या जमिनीत मुळं पसरलेल्या झाडाच्या आहेत आणि झाडामागे काही किलोंच्या भाषेत बोलतात. त्यांना पन्नासानं भागून कुंडीचं माप निघत नाही. इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेनं १९३० च्या दशकात कुंडीसाठी माती आणि खत यांची प्रमाणबद्ध मिश्रणं बसवून दिली. कुंडीची माती शेतातल्या मातीपेक्षा वेगळी बनवावी लागते, हा विचार त्यांनी पक्का केला. हल्ली ऑनलाइन मिळणारे आवरणाचे दाणे, म्हणजे हळूहळू विरघळणारं खत, हाही परदेशी शोध. त्यांच्या पाकिटावर लिहिलेली मुदत, समजा आठ महिने, बहुधा २१ अंश सेल्सियस तापमान धरून मोजलेली असते. मुंबईत २१ अंश फक्त हिवाळ्यातल्या रात्री-पहाटे दिसतात. तापमान वाढलं की आवरणातून खत लवकर बाहेर पडतं. म्हणजे अंधेरीच्या गच्चीवर तेच दाणे छापील मुदतीच्या बरेच आधी संपतात आणि मालक मात्र आठ महिने निर्धास्त राहतो.

खत लवकर संपण्याचं उन्हापेक्षाही मोठं कारण पाऊस आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला जातो. उघड्यावरच्या प्रत्येक चौरस मीटरवर हे २,३०० लिटर पाणी झालं. बारा इंची कुंडीचं तोंड साधारण ०.०७ चौरस मीटर असतं. तिच्या वाट्याला एका पावसाळ्यात सुमारे १६० लिटर पाणी येतं, म्हणजे आतल्या मातीच्या दहापट. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उघड्या गच्चीवरच्या अशा एका कुंडीवर त्या एका दिवसात ६६ लिटर पाणी पडलं असणार.

आता यातून काय वाहून जातं ते पाहू. नत्राचं जे रूप मुळं सर्वात सहज घेतात, ते नायट्रेट, मातीच्या कणांना धरून राहत नाही. पाण्याबरोबर सरळ तळाच्या भोकातून बाहेर पडतं. पालाश थोडा टिकतो. स्फुरदाची गोष्ट उलटी आहे. आपल्याकडे नर्सरीत गोणीत मिळणारी लाल माती लोह आणि ॲल्युमिनियमनं भरलेली असते आणि ती स्फुरद इतका घट्ट धरून ठेवते की मुळांना तो मिळणं मुश्कील होतं. म्हणून लाल मातीत नुसतं सुपर फॉस्फेट टाकण्यापेक्षा ते कुजलेल्या खतात कालवून दिलेलं बरं. जुलैच्या झडीत वरून टाकलेलं युरियाचं खत मात्र अक्षरशः पाण्यात जातं. त्या महिन्यात पानं पिवळी पडली की लोक घाबरून मात्रा दुप्पट करतात. पुढच्या सरीत तीही जाते आणि मधल्या एखाद्या उघडिपीत तिनंच मुळं पोळतात.

या पुस्तिकेतलं सगळं वेळापत्रक याच हिशेबावर बेतलेलं आहे. थोडं द्या, वरचेवर द्या आणि पावसाकडे बघून द्या.

मुंबईत हे काम आधी करून दाखवणाऱ्यांचं ऋण इथे मानायलाच हवं. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर ड्रम आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत फळझाडं आणि भाज्या वाढवल्या. मातीऐवजी त्यांचा भर उसाच्या चिपाडांवर आणि कंपोस्टवर होता. चिपाडं रसवंतीवाल्याकडे फुकट मिळत आणि हलकी असत. हलकेपणाला गच्चीवर फार किंमत आहे. दोनशे लिटरचा निळा ड्रम अर्धा कापून ओल्या मातीनं भरला तर त्याचं वजन दीडशे किलोच्या पुढे जातं आणि जुन्या इमारतीच्या स्लॅबवर असे दहा ड्रम ओळीनं मांडणं धोक्याचं आहे. पण चिपाडं कुजताना स्वतःच नत्र ओढून घेतात, म्हणून त्यांच्या जोडीला चांगलं कुजलेलं खत लागतंच. कोकोपीटचंही तसंच. ते हलकं आहे, ओल धरतं, पण त्यात अन्न नावालाच असतं, आणि न धुतलेल्या कोकोपीटात मीठ असतं. कुंडी हलकी करायची तर खतपाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

दुसरं नाव प्रीती पाटील यांचं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, सुमारे तीन हजार चौरस फुटांत, त्यांनी २००२ च्या सुमारास बाग सुरू केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा हेच तिचं अन्न होतं. पुढे त्यांनी अमृतजल, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाचं आंबवलेलं पाणी, आणि त्यात भिजवलेल्या पाचोळ्यापासून बनणारी अमृतमाती यांचा प्रसार मुंबईभर केला. या पद्धतीचं मूळ कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवारात आहे. गणिताच्या या प्राध्यापकानं तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना स्वतः प्रयोग करून नोंद ठेवायला शिकवलं, आणि त्यांचा विचार दीपक सचदे यांनी पुढे नेला.

अमृतजलाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सेंद्रिय आणि रासायनिक यांचं भांडण इथे फार ऐकू येतं. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस दिवसातून तीनदा ढवळायचं आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून झाडांना द्यायचं. ढोबळ हिशेब केला तर त्या पातळ पाण्यात लिटरमागे सुमारे ०.१ ग्रॅम नत्र येतो, आणि त्यातला बराचसा गोमूत्रातून येतो. आता दुसरीकडे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम घातलं तर नत्र होतो ०.१९ ग्रॅम. दोन्ही पाणी एकाच पट्टीतलं आहे. दोन्ही पद्धतींत यशस्वी झालेले माळी पातळ देतात आणि वरचेवर देतात. शेणातून मिळणारे जिवाणू आणि सेंद्रिय पदार्थ रासायनिक खतात नाहीत, हा फरक खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. कुंडीची माती वर्षा-दोन वर्षांत दगडासारखी घट्ट होते ती नुसत्या रासायनिक खतावर. पण झाड उपाशी दिसत असताना, घरात शेण-गोमूत्र नसताना, केवळ तत्त्वासाठी त्याला तसंच ठेवणं मला पटत नाही. घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावर, ट्रॉम्बेला, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. त्यांचं दाणेदार सुफला १५:१५:१५ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या तोंडी बसलेलं नाव. बारा इंची कुंडीतल्या कोवळ्या झाडाला त्याचा महिन्यातून एक चहाचा चमचा, तोही सपाट, पुरतो. खोडाला चिकटवून कधीच नाही. कुंडीच्या कडेनं, ओल्या मातीत, आणि वर पुन्हा पाणी.

घरगुती खतांविषयी एक प्रकरण पुढे आहेच, पण दोन-चार निकाल इथेच देतो. कढीपत्त्याला आंबट ताक घालायची आपल्या आया-आज्यांची रीत वाईट नाही, त्यातून थोडा नत्र आणि थोडं कॅल्शियम मिळतं. पण ते पातळ करून आणि महिन्यातून एखाद वेळी. तांदळाचं धुवण जरूर घाला, पोट भरेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. दूध-साखरेच्या चहाचा चोथा थेट कुंडीत टाकला तर मुंग्या येतात. धुऊन कंपोस्टमध्ये टाका. अंड्याची टरफलं विरघळायला वर्षं लागतात, त्यांची पूड करावी. शेंगदाण्याच्या पेंडीत सातेक टक्के नत्र असतो, निंबोळी पेंडीत पाचेक टक्के. कोवळ्या झाडासाठी मी निंबोळी पेंड पसंत करतो, कारण ती सावकाश लागू पडते आणि उंदीर तिच्याकडे फिरकत नाहीत. भिजवून आंबवलेली मोहरीची पेंड गुणाला उत्तम. पण तिचा वास दोन मजले वर जातो आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यावर ठराव होऊ शकतो, हे लक्षात घ्यावं.

कंपोस्टच्या बाबतीत उपनगरं आज चांगल्या स्थितीत आहेत. गोराईचं डंपिंग ग्राउंड बंद झालं, २०१८ मध्ये मुलुंडचंही झालं. त्याआधी, २ ऑक्टोबर २०१७ पासून, वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असा आग्रह महापालिकेनं धरला. हे काम कागदावरून आवारात उतरवण्यात स्त्री मुक्ती संघटनेच्या परिसर विकास उपक्रमातल्या परिसर भगिनींचा मोठा वाटा आहे. कचरा वेचणाऱ्या या बाया कंपोस्टच्या खड्ड्याचा वास घेऊन सांगतात, अजून कच्चं आहे की झालं. ते ज्ञान प्रत्येक बागकाम करणाऱ्यानं त्यांच्याकडून घ्यावं. कच्चं कंपोस्ट हात घातला तर कोमट लागतं, आंबूस किंवा अमोनियासारखं वासतं, आणि कुंडीत गेल्यावर झाडाच्या तोंडचा नत्र पळवतं. पिकलेल्या खताला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो आणि त्यात मूळ पदार्थ ओळखू येत नाही. दुसरी काळजी मिठाची. लोणचं, पापड, फरसाण, उरलेली भाजी यांचं कंपोस्ट खारट होतं. पाचोळ्यात निवड करता आली तर पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर यांची बारीक पानं घ्यावीत. ती लवकर कुजतात. बदामाची आणि अशोकाची जाड पानं आधी चुरून घ्यावी लागतात.

मीठ हा विषय या पुस्तिकेत वारंवार येईल. समोर एक लिंबाचं कलम आहे असं धरा, अर्ध्या ड्रममध्ये, मुलुंडच्या एखाद्या गच्चीवर. मातीच्या वरच्या थरावर आणि ड्रमच्या काठाला पांढुरकी साय धरली आहे. पानांची टोकं तपकिरी, करपलेली, पण पानाचा मधला भाग हिरवा. मालक सांगतो, खत तर दर आठवड्याला घालतो. कडेची माती खुरप्यानं चार बोटं उकरली की बारीक मुळं दिसतात. जी पांढरी आणि टणक असायला हवीत, ती तपकिरी होऊन नखानं सोलली जातात. हे झाड उपाशी नाही, खारावलं आहे. वापरलं न गेलेलं खत मातीत साठलं आणि त्यानं मुळांचं पाणी अडवलं. अशा वेळी औषध एकच : खत थांबवायचं आणि ड्रममधल्या मातीच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू घालून तळातून निचरू द्यायचं. महापालिकेचं तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी यासाठी उत्तम, त्यात क्षार अगदी कमी असतात. खाडीजवळच्या सोसायट्यांत बोअरवेलचं पाणी बागेला देतात. ते बहुतेक ठिकाणी मचूळ असतं आणि उन्हाळाभर तेच घातलं तर खताशिवायही झाड खारावतं.

याच लिंबाची दुसरी तक्रार वेगळी असते. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. ती लोहाची खूण. लोह मातीत असतं, पण माती अल्कली झाली किंवा तळाशी पाणी तुंबलं तर मुळांना ते घेता येत नाही. आपल्याकडे भराव म्हणून कुंडीच्या तळात विटांचे तुकडे टाकायची सवय आहे, आणि त्यांना चिकटलेलं सिमेंट-चुना माती अल्कली करतं. शिवाय तळात खडे टाकून निचरा सुधारतो ही समजूतही खरी नाही. ओला थर फक्त वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर ती नत्राची उणीव. पान कुठलं पिवळं पडतंय, वरचं की खालचं, हे पाहिल्याशिवाय खताच्या पाकिटाला हात लावू नये.

वर्षाच्या गतीचा आराखडा थोडक्यात असा. फेब्रुवारीच्या मध्याला पालवी हलायला लागली की कुंडीच्या वरची दोन इंच माती काढून तिथे कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड भरावी आणि पंधरवड्यानं पातळ खत सुरू करावं. एप्रिल-मेमध्ये उघड्या गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू इतकी तापते की त्या बाजूची मुळं मरतात. तेव्हा दाणेदार खत पूर्ण बंद, पातळ खत निम्म्या ताकदीनं, आधी पाणी घालून मगच आणि संध्याकाळी. वर पाचोळ्याचं आच्छादन हवंच. मेच्या शेवटी पुन्हा पेंड आणि कंपोस्ट, कारण सावकाश विरघळणारं खतच पावसात टिकून राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त उघडिपीत चिमूटभर.

खरा हंगाम सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो. पाऊस ओसरलेला असतो, ऊन परतलेलं असतं, माती धुऊन निघाल्यामुळे साठलेले क्षार गेलेले असतात आणि त्याबरोबर अन्नही. मुंबईत कोवळ्या झाडाला वर्षातली सर्वात मोठी गरज तिथून पुढच्या सहा आठवड्यांत असते आणि नेमकं तेव्हाच नवरात्र-दिवाळीच्या गडबडीत त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. वर्षभरात एकदाच नेमानं खत देणं शक्य असेल, तर ते या सहा आठवड्यांत द्या. नोव्हेंबरपासून हात आखडता घ्यावा. फळ धरण्याजोग्या झालेल्या आंब्याला आता नत्र दिला तर तो मोहोराऐवजी पालवी काढतो. बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला रात्री अधिक गार होतात, तिथे ही विश्रांती आणखी स्पष्ट दिसते.

शेवटी एका वेगळ्या गटाबद्दल. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला.  आजही जुलैच्या पहिल्या आठवड्यात उपनगरांत रोपं वाटली जातात, आणि त्यातली कितीतरी काळ्या पिशवीतच सोसायटीच्या कोपऱ्यात राहतात. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्यांची मुळं पिशवीच्या तळाशी गोल-गोल फिरून वेटोळं घालतात. बकुळ, करंज, ताम्हण, कडुनिंब ही पन्नास फुटांची झाडं. त्यांना पिशवीत पोसत राहणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. तुमच्या आवारात अशी रोपं असतील तर खत आणण्याआधी एका रोपाची पिशवी फाडून मुळं पाहा. वेटोळी मुळं कात्रीनं कापा, खड्ड्यात कुजलेलं खत घाला आणि येत्या जुलैत ते रोप जमिनीत लावा. आवारात जागा नसेल तर आपल्या विभाग कार्यालयाच्या उद्यान खात्याला विचारा. ज्या झाडांना जमीन मिळणारच नाही, त्यांच्यासाठी पुढची सगळी पानं आहेत.